काल पाणी कुठलं प्यायलात?

तराबुलुस,
२ मे १९७१

प्रिय इस्कंदर दादा,

तुझ्या हातांचा मुका घेते आणि लिहायला बसते. तू, वहिनी, मुलं मित्री आणि लमया सगळे खुशाल असाल. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी वॉर्डात पाऊल टाकलं की पेशंट अजूनही घाईघाईने चादरी सारख्या करतात, तेव्हा काळजी नसावी. सात वर्षांतलं हे माझं अकरावं पत्र. आधीच्या दहांना तू उत्तर दिलं नाहीस. वहिनी मात्र दर ईस्टरला सुक्या अंजिरांची माळ पाठवते आणि टॅक्सीवाल्याकरवी निरोप देते, 'हे तुझ्या भावाला ठाऊक नाही.' दादा, अंजिरं इतकी घट्ट आपल्या घरात तुझ्याशिवाय कोणी ओवत नाही. पण ते राहू दे.

आज मोठी बातमी आहे, म्हणून बसून वाच. आपल्या गावच्या, कफर-सरूच्या झऱ्यात दोष नाही. हे मी प्रेमापोटी म्हणत नाही, छापून आलंय. गेल्या शनिवारी बैरूतला डॉक्टरांच्या सभेत आमच्या डॉक्टर रिझ्कनी स्वतः उभं राहून सांगितलं, की आठ वर्षांपूर्वी आपण या झऱ्यावर मूतखड्यांचा ठपका ठेवला तो चुकीचा होता. आमच्या डॉक्टरांना तू ओळखतोस. त्यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द काढणं म्हणजे एखाद्याच्या मूत्रपिंडातून बोराएवढा खडा काढण्यापेक्षा अवघड. पण काढला. आणि तो काढायला चिमटा कोणी लावला म्हणतोस? तुझ्या बहिणीने.

माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी फुशारकी मारणारच. सभेत एक पांढऱ्या मिश्यांचे मोठे डॉक्टर होते, फ्रान्सला शिकून आलेले. त्यांनी विचारलं, "हा प्रश्न पेशंटना विचारायचं सुचलं कोणाला?" डॉक्टर रिझ्क म्हणाले, "माझ्या हेड सिस्टरला. त्या मागे बसल्या आहेत. अफीफा, उभ्या राहा." मी उभी राहिले. कडक इस्त्रीचा गणवेश होता, टोपी होती, आणि सगळी सभा वळून माझ्याकडे बघत होती. दादा, बावन्न वर्षांच्या आयुष्यात इतक्या पुरुषांनी माझ्याकडे एकदम कधीच बघितलं नव्हतं! मिश्यांवाले म्हणाले, "मादाम, आम्ही वीस वर्षं खडे मोजतोय, हे आम्हाला सुचलं नाही." मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुम्ही खडे मोजता, आम्ही बेडपॅन उचलतो." हशा पिकला. डॉक्टर रिझ्क कपाळाला हात लावून बसले.

प्रश्न साधाच आहे. पूर्वी पेशंट दाखल झाला की वहीत लिहायचे, 'गाव कोणतं.' तसं लिहिलं जायचं. आता आम्ही विचारतो, 'काल पाणी कुठलं प्यायलात? किती? आणि कुठे उभं राहून?' एवढंच. पण या एवढ्यावर सगळं चित्र उलटं झालं.

आपल्या लोकांची रीत तुला काय सांगायची. आजा तराबुलुसला आला, बाप इथेच मेला, हा स्वतः बंदराच्या गल्लीत जन्मला, तरी 'तू कुठला' विचारलं की छाती काढून सांगणार, 'कफर-सरूचा!' ओळखपत्रावर तेच, मतदानाला तिथेच, आणि मेल्यावर पुरायलाही तिथेच. फक्त जगायचं तेवढं इथे. आणि जगतात कुठे? भट्टीवर. आपल्या गावचा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी इथे रोट्या भाजायला लागला, त्याने पुतण्याला आणलं, पुतण्याने मेव्हण्याला. आज या शहरातल्या दर तीन भट्ट्यांपैकी एकीवर आपलाच माणूस उभा आहे. पहाटेपासून दुपारपर्यंत आगीसमोर, अंगातून घामाच्या धारा, आणि पाणी? पाणी प्यायचं नाही! का, तर तापल्या अंगावर पाणी पडलं की छाती धरते. त्याऐवजी कॉफी, आणि संध्याकाळी अरकची दारू. मग लघवी घट्ट होते, तिच्यात क्षार साचतात, आणि ऑगस्ट महिन्यात आमचा वॉर्ड भरतो.

पहिल्या पाहणीत, म्हणजे त्रेसष्ट साली जी संपली तिच्यात, दोनशे बारा पेशंट होते आणि त्यांतले एकसष्ट कफर-सरूचे म्हणून नोंद झाली होती. एवढ्याशा गावातून एकसष्ट! डॉक्टरांना वाटलं, पाण्यातच दोष. तिकडच्या किटल्यांत पांढरा थर बसतो हेही खरंच होतं. थर किटलीत बसतो म्हणून मूत्रपिंडातही बसतो असं नाही, पण हे आता कळतं. या वेळी दोन वर्षांत तीनशे सहा पेशंट पाहिले. ओळखपत्रावर कफर-सरू असलेले चौऱ्याहत्तर. त्यांतले खरोखर गावात राहणारे, झऱ्याचं पाणी पिणारे किती? तीन! भट्टीवर उभे राहणारे अठ्ठावन्न. उरलेले लोहार, हमामाच्या चुलीवरचे, साबणाच्या कढईवरचे. पुरुष बायकांच्या तिप्पट, बहुतेक तिशी ते पन्नाशीतले. एका ओळीत सांगायचं तर खडा गावाचा नसतो, कामाचा असतो.

हा धागा सापडला तो बरकातमुळे. बरकात म्हणजे भाजी बाजारामागच्या भट्टीवरचा, तुझ्या लग्नात नाचताना खुर्ची मोडली त्या नखलेचा मुलगा. तिसऱ्यांदा पोटात कळ घेऊन आला. घोड्यासारखा माणूस, पण खाटेवर गुडघे छातीशी घेऊन आईला हाका मारत होता. इंजेक्शन दिलं, जरा शांत झाला, तशी मी म्हटलं, "बरकात, तुला किती वेळा सांगितलं, कफर-सरूचं पाणी सोड!" तो म्हणाला, "सिस्टर, कफर-सरूचं पाणी मी जन्मात एकदाच प्यायलोय. मतदानाच्या दिवशी. ते पण कॉफीतून!" सगळा वॉर्ड हसला. मीही हसले.

त्यानंतर मी भट्ट्याभट्ट्यांवर गेले. लोक म्हणाले, हेड सिस्टर म्हातारपणी रोट्या विकणार वाटतं. प्रत्येक भट्टीला मी पाण्याचा चोचीवाला मातीचा इब्रीक टांगायला लावला आणि फर्मान काढलं, की दुपारच्या आत हा दोनदा रिकामा झालाच पाहिजे. बरकात म्हणाला, "सिस्टर, एवढं पाणी प्यायलो तर रोटी कधी भाजू? मुतायलाच जाईन सारखा." मी म्हटलं, "जा. मुतायला लागलास म्हणजे मी जिंकले." दोन वर्षांत बरकातला एकही कळ आली नाही. आता तोच इतरांना दमात घेतो. वॉर्डातही रीत पडली आहे. लहान खडा असला की चिरफाड नाही. पाणी पाजायचं, जिने चढायला लावायचे, आणि लघवी गाळायला फडकं द्यायचं. दहांतले सहा-सात तसेच पडतात. खडा भांड्यात टणकन वाजला की शेजारच्या खाटेवरचे टाळ्या वाजवतात आणि बायकांच्या वॉर्डातून ललकारी ऐकू येते, जणू मुलगाच झाला. मोठ्या खड्यांना मात्र सुरी लागतेच. त्यांत दोघं गेले. त्यांची नावं मला पाठ आहेत.

आता कामाचं. चौसष्ट सालचा हुकूम, ज्याने झऱ्याची तोटी सिमेंटने बुजवली, तो रद्द झाला आहे. कागद सोबत आहे, गावचा कारभार बघणाऱ्या मुख्तारला दाखव. वीस जुलैला मार इलियासचा सण. त्या दिवशी सिमेंट फोडावं, पाणी चौकात पुन्हा वाहावं, आणि बाबांच्या पश्चात झऱ्याची राखण करणाऱ्या तूच पहिली ओंजळ भरावीस, असं मला वाटतं.

तू चौसष्ट साली पाण्याची बाटली घेऊन आमच्या वॉर्डात आला होतास. डॉक्टरांसमोर घटाघटा प्यायलास आणि ओरडलास, 'बघा, मरतो का मी!' मी तेव्हा काय बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. त्याबद्दल मी आधीच्या दहा पत्रांत लिहिलं आहे, पुन्हा लिहीत नाही. तू खरा होतास. हे मात्र पहिल्यांदा लिहिते.

लमयाला जवळ घे.

तुझी (आणि बैरूतच्या सभेची लाडकी),
अफीफा


तराबुलुस,
६ जून १९७१

दादा,

तुझं पत्र आलं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, लिफाफा फोडायच्या आधी मी तो उशीखाली ठेवून एक डुलकी काढली. हसू नकोस. मला भीती वाटत होती.

आत चार ओळी. इथे उतरवते, म्हणजे मी त्या नीट वाचल्या हे तुला कळेल. 'कागद मुख्तारला दिला. गावात रडारड झाली, आनंदाची. शाब्बास. पण पहिल्या वहीत आपल्या गावाचं नाव एकसष्ट वेळा कोणी लिहिलं, ते तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात कुठेच नाही.'

तू शाळेत चौथीपुढे गेला नाहीस, असं मी लोकांना सांगत आले. आजपासून सांगणार नाही.

मी लिहिलं. वही माझ्याकडेच असायची. पेशंट कळवळत असायचा, त्याला कुठे विचारत बसू, म्हणून मी ओळखपत्र घ्यायची आणि त्यावरचं गाव उतरवायची. एकसष्ट वेळा. दर वेळी मला गंमतच वाटायची, की बघा, आपला माणूस आला. त्यांतल्या निम्म्यांची घरं मला ठाऊक होती, बंदरापाशी, किल्ल्याखाली, भाजी बाजारात. तरी हात थांबला नाही. डॉक्टर वही पाहून म्हणायचे, "अफीफाची वही म्हणजे आरसा, कुठे खाडाखोड नाही." त्या एका शब्दावर मी वर्षभर तरंगत होते. आणि तू बाटली घेऊन आलास तेव्हा त्याच आरशाच्या जोरावर मी तुला म्हणाले, "दादा, हा वॉर्ड आहे, बाजार नाही. घरी जा. वहीत सगळं आहे." तू माझ्या टोपीकडे बघितलंस आणि गेलास. ते बघणं मी दहा पत्रांत लिहिलं. वही कोणाची होती ते एकातही लिहिलं नाही.

इथे थांबले तर तू मला माफ करशील, मला ठाऊक आहे. तुझा राग मोठा आहे पण तो पटकन वितळतो. म्हणून पुढचंही लिहिते. कारण हे न सांगता मिळालेली माफी मला पचणार नाही.

मागच्या पत्रात बरकातची गोष्ट लिहिली, पण साल लिहिलं नाही. तुला वाटलं असेल, एकोणसत्तर, नवी पाहणी सुरू झाली तेव्हाची. नाही. बरकात ते वाक्य बोलला सहासष्टच्या ऑगस्टमध्ये. सगळे हसले, मीही हसले. त्याच दुपारी मी जुनी वही काढली, एकसष्ट नावांवरून बोट फिरवलं, आणि ज्यांना मी ओळखत होते त्यांच्यापुढे मनात खूण केली. भट्टी, भट्टी, हमाम, भट्टी. अर्ध्या तासात मला कळलं, की झऱ्याचा काहीही संबंध नाही. मग मी वही मिटली, कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली. स्वतःशी म्हणाले, एका बरकातवरून काय ठरतं?

अडीच वर्षं ती किल्ली माझ्या खिशात होती.

सदुसष्टच्या वसंतात लमयाचा साखरपुडा मोडला. मुलाच्या आईने तुमच्या दारात उभं राहून म्हटलं होतं, "दगडाच्या गावची पोर, हिच्या पोटी दगडच जन्माला येतील." हे मला वहिनीने कळवलं होतं. मी त्यावर तुला पत्र लिहिलं, चार पानी, त्या बाईला शिव्या देणारं. दादा, ते पत्र लिहिताना मला सगळं माहीत होतं. एक वाक्य लिहिलं असतं तर तू ते घेऊन त्या बाईच्या दारात गेला असतास. मी ते लिहिलं नाही. कारण मग माझ्या वहीत खाडाखोड झाली असती.

कुणी म्हणेल, डॉक्टरांची भीती होती. भीती नव्हती, गर्व होता. भीतीचं खापर दुसऱ्यावर फोडता येतं, याचं येत नाही.

एकोणसत्तरच्या जानेवारीत सुरीखालून परत न आलेल्या दोघांतला एक आपलाच, भट्टीवरचा, इब्राहीम. अडतीस वर्षांचा. खडा इतका वाढला होता की मूत्रपिंड सडून गेलं होतं. त्याची बायको मला म्हणाली, "सिस्टर, तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही गावचं पाणी कधी घरात आणलं नाही. मग हे कसं झालं?" माझ्याकडे उत्तर होतं. अडीच वर्षांपूर्वी ते सांगितलं असतं, भट्टीला इब्रीक टांगला असता, तर कदाचित. कदाचितच म्हणते, कारण खात्री डॉक्टरांनाही नाही. दुसऱ्या दिवशी मी जुनी वही काढून डॉक्टरांच्या टेबलावर आपटली. ते आधी ओरडले, मग म्हणाले, "तुला हे कधी कळलं?" मी म्हटलं, "उशिरा." ते म्हणाले, "म्हणजे कधी?" मी तारीख सांगितली. त्यांनी वही जवळ ओढली. म्हणाले, "माझ्या नावाने छापलं होतं, अफीफा. मीही एकदा खाटेपाशी बसून विचारायला हवं होतं. आता पुन्हा मोजू. प्रश्न तू ठरव."

म्हणून तो प्रश्न माझा. बैरूतला मिश्यांवाले म्हणाले ना, 'आम्हाला सुचलं नाही'? मलाही सुचला नव्हता. मला तो इब्राहीमच्या बायकोने दिला.

हे सगळं वाचून तुला वाटेल, ही आता मान खाली घालून बसली असेल. बसलेली नाही. मला वाईट वाटतं, आणि मला अभिमानही वाटतो, आणि दोन्ही एकाच वेळी. तीनशे सहा पेशंटपैकी प्रत्येकाच्या उशाशी मी स्वतः बसले. एकाचंही ओळखपत्र बघून गाव ठरवलं नाही. सत्तावीस भट्ट्यांवर आज इब्रीक टांगलेले आहेत. तिथले जे पाणी पितात, त्यांच्यातले दहांत एक परत येतो. जे पीत नाहीत, त्यांच्यातले दहांत चार. हे मी केलं. हे कुणी माझ्याकडून काढून घेतलेलं मी चालू देणार नाही, तूही नाही. पण चुकीवर पांघरूणही घालू देणार नाही, आणि इथेही तू नाही.

म्हणून मार इलियासला मी येतेय. आदल्या दिवशीच्या टॅक्सीने. प्रार्थना संपून सगळे चौकात आले की, सिमेंटला पहिला घाव घालायच्या आधी, मी बोलणार आहे. गावाचं नाव मी लिहिलं, चूक मला कळल्यावर अडीच वर्षं मी गप्प बसले, हे दोन्ही. तू मध्ये पडून 'तिचा काय दोष, ती नोकर माणूस' असलं काही म्हणू नकोस. मुख्तारलाही म्हणू देऊ नकोस. माझं नाव दुसऱ्या कोणी घ्यायचं नाही, मीच घेणार. लमया तिथे असू दे. तिला वेगळं पत्र लिहिणार नाही. पत्रात मी किती हुशारीने गोष्टी गाळते हे तू पाहिलंच आहेस. तिच्या तोंडावर बोलेन, आणि ती जे म्हणेल ते उभी राहून ऐकेन.

गणवेशात येईन, टोपीसह. त्या टोपीने तुला तेव्हा घरी धाडलं हे तू गावाला सांगितलं असशील, तर आता ती खरं बोलतानाही गावाला पाहू दे.

त्यानंतर तू सिमेंट फोड. पाणी आलं की गावाला पाज, भट्टीवरून आलेल्यांना आधी पाज. बरकात चाळीस जणांना घेऊन येतोय, सगळे ओळखपत्रावर कफर-सरूचे, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते पाणी कधी चाखलेलं नाही. मला शेवटी उभी कर. माझ्या ओंजळीत पाणी घालायचं की नाही, ते तू आणि लमया ठरवा. नाही घातलंत तरी मी तक्रार करणार नाही, संध्याकाळच्या टॅक्सीने परत येईन आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर असेन, कारण ऑगस्ट तोंडावर आहे आणि वॉर्ड भरणार आहे.

एकसष्ट वेळा चुकलेली, तीनशे सहा वेळा विचारणारी, आणि आता एकदाच खरं सांगायला येणारी तुझी बहीण,
अफीफा